बिडाचा ब्लॉक

१

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या आबांचं बोअरिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, उसाला पाणी देणारी डिझेल इंजिनं, सगळ्यांचे ब्लॉक दारात येऊन पडायचे. आबा आधी नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे, मग बोअरमधून बोट फिरवायचे आणि आणणाऱ्याला विचारायचे, "मटेरियल हाय काय अजून? आधी किती बोअर झालेत?" म्हणजे आणखी एकदा कापण्याइतकी भिंत उरली आहे का. असली, तर नव्या पिस्टनचा साईज खडूनं ब्लॉकवर लिहायचा. मराठी आकड्यांत, ठसठशीत.

आता मी जपानात आयची प्रांतात नोकरीला आहे. रविवारी जुन्या स्पोर्ट्‌स कारची इंजिनं बांधणाऱ्या एका माणसाच्या गॅरेजात जाऊन बसतो. मनात मी त्यांना मिस्त्रीच म्हणतो. ही टिपणं तिथली आहेत. गाडी बदलली, भाषा बदलली, पण ब्लॉकला विचारायचा प्रश्न तोच आहे.

२

आज स्टँडवर निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६. सहा सिलिंडर एका ओळीत, बोअर ८६ मिलिमीटर, स्ट्रोक ७३.७. ब्लॉक काल संध्याकाळीच धुऊन ठेवला होता. लगेच का मोजला नाही, असं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ दे. तापलेलं किंवा गारठलेलं बीड खोटं बोलतं.

मग बोअर गेज. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. सहा सिलिंडरचे छत्तीस आकडे. तीस वर्षं धावलेल्या या ब्लॉकची झीज सर्वात वाईट जागी दोन शतांश मिलिमीटरच्या आसपास निघाली. मिस्त्रींनी वही माझ्याकडे सरकवली. मी तो आकडा दोनदा वाचला.

३

होन करण्याआधी ब्लॉकवर एक जाड पोलादी प्लेट बसवली आणि हेडच्या बोल्टइतक्याच टॉर्कनं आवळली. हेड आवळलं की बोल्ट ब्लॉकला वर ओढतात आणि गोल बोअर किंचित वाकडा होतो. म्हणून आधीच ताण द्यायचा, त्या ताणातच बोअर गोल करायचा. प्लेट काढल्यावर तो गोल दिसणार नाही. इंजिन बांधल्यावर मात्र गोल होईल.

होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा उमटतात. तेल त्या रेघांत धरून राहतं आणि रिंगा त्यावर सरकतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल टिकत नाही. आबा नव्या पोरांना हेच शिकवायचे, फक्त हातात दगड धरून.

४

अ‍ॅल्युमिनियम हलकं असतानाही अशा नामांकित इंजिनांचे ब्लॉक बिडाचे का, हा प्रश्न इथे येणारे तरुण नेहमी विचारतात.

बिडात कार्बनचे बारीक पापुद्रे असतात. ते कंप पचवतात आणि घासणाऱ्या पृष्ठभागाला थोडं वंगणही देतात. बीड जड आहे, पण दाबाखाली भिंत फुगत नाही. टर्बो लावल्यावर सिलिंडरमधला दाब खूप वाढतो. तेव्हा भिंत जागची हलली तर रिंगांची पकड सुटते, गॅस्केट उडतं. शिवाय बीड कापता येतं. झिजलं तर बोअर करा, पुढच्या साईजचा पिस्टन घाला. आरबी२६साठी साडेशहाऐंशी आणि सत्त्याऐंशी मिलिमीटरचे पिस्टन आजही मिळतात. ब्लॉक ओतणाऱ्यानं भिंतीत ठेवलेलं मटेरियल तीस वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडतं ते असं.

५

एका ओळीतल्या सहा सिलिंडरची गंमत वेगळीच आहे. पहिला आणि सहावा पिस्टन जोडीनं वर-खाली होतात, तसेच दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा. त्यांच्या हालचालीतून उठणारे पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीचे धक्के एकमेकांना पुरते खोडून काढतात. समतोलासाठी वेगळा शाफ्ट लागत नाही. क्रँकला सात मुख्य बेअरिंगं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना आधार. जे इंजिन स्वतःला हादरवत नाही, त्याची बेअरिंगंही सावकाश झिजतात.

काल एक नुकतंच बांधलेलं इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी एक नाणं हेडच्या कव्हरवर उभं केलं. ते उभंच राहिलं.

६

७३.७ हा आकडा वहीत मागेही सापडला. १९६९ साली आलेल्या निसानच्याच फेअरलेडी झेडचं निर्यातीचं रूप डॅटसन २४०झेड. तिच्या एल२४ इंजिनाचा बोअर ८३, स्ट्रोक ७३.७, २३९३ सीसी. वीस वर्षांनी, १९८९ साली, आरबी२६ आलं. बोअर ८६, स्ट्रोक तोच.

त्याच १९६९ साली पहिली स्कायलाइन जीटी-आर आली होती एस२० घेऊन. १९८९ सीसी, सिलिंडरमागे चार वॉल्व्ह, १६० अश्वशक्ती. एस२०चं मूळ प्रिन्स कंपनीच्या आर३८० या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात होतं. प्रिन्स १९६६ साली निसानमध्ये विलीन झाली. कंपनीचं नाव गेलं, पण इंजिनं काढणाऱ्यांची विद्या पुढे चालू राहिली.

७

आरबी२६चा २५६८ सीसी हा विचित्र आकडा आला शर्यतीच्या नियमातून. ग्रुप ए शर्यतीत टर्बो इंजिनाची क्षमता १.७नं गुणून वर्ग ठरवत. २५६८ गुणिले १.७ म्हणजे ४३६६, म्हणजेच साडेचार लिटरच्या आतला वर्ग. त्या वर्गात गाडीचं वजन आणि टायरची रुंदी किती असावी हे ठरलेलं होतं. चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा घातल्यावर वजन वाढलं, म्हणून आधी मनात असलेलं २.४ लिटर सोडून हे माप धरलं.

मग १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत आरबी२६ घातलेली आर३२ पिढीची जीटी-आर २९ शर्यतींत उतरली आणि २९ जिंकली.

रस्त्यावरच्या गाडीला मात्र कागदावर २८० अश्वशक्तीच. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेली ही मर्यादा १९८९पासून २००४पर्यंत पाळली गेली. शर्यतीत याच ब्लॉकमधून दुपटीच्या आसपास ताकद काढत. म्हणजे दुकानातून गाडी घेणाऱ्याला त्या इंजिनाचा निम्माच जोर वापरायला मिळाला, आणि उरलेला निम्मा त्याच्या गाडीचं आयुष्य वाढवत राहिला. मला या इंजिनांबद्दल जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे. त्यांच्यात कोणीतरी न वापरण्यासाठी ताकद ठेवली होती.

८

टोयोटाचं २जेझेड-जीटीई. बोअर ८६, स्ट्रोक ८६. २९९७ सीसी. जगभर ते सुप्राचं इंजिन म्हणून ओळखलं जातं, पण १९९१ साली ते आधी अ‍ॅरिस्टो या जड, आरामशीर सेडानमध्ये आलं. सुप्रामध्ये १९९३ साली.

मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. अशा सेडानच्या गिऱ्हाइकाला शर्यत लावायची नसते. त्याला आवाज नको, कंप नको, वर्षानुवर्षं गॅरेजचं तोंड बघायला नको. त्याच्यासाठी काढलेला बिडाचा ब्लॉक, वरून बंद असलेल्या पाण्याच्या वाटा, सात बेअरिंगांवर बसलेला घडीव क्रँक, पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार सोडणारे जेट. मग लोकांनी मोठा टर्बो लावून त्याच क्रँकवर, त्याच ब्लॉकवर मूळच्या दुपटीहून जास्त ताकद काढली आणि ब्लॉक टिकला. शांततेसाठी घातलेलं मटेरियल वेगाच्या कामी आलं.

पिस्टनखालची तेलाची धार मी मिस्त्रींच्या बाकावर पाहिली. उघड्या ब्लॉकमध्ये हाताच्या पंपानं दाब दिला. सहा बारीक धारा एकदम उठल्या. पाचवी किंचित तिरकी होती. त्यांनी तो जेट काढला, वाऱ्यानं साफ केला, परत बसवला. पुन्हा दाब. सहाही सरळ.

९

२जेझेडच्या आधीच्या सुप्रात ७एम-जीटीई होतं. बिडाचाच ब्लॉक, सातच बेअरिंगं. तरी ते हेड गॅस्केट उडण्यासाठी बदनाम झालं. मेकॅनिकांच्या मते कारण एकच, हेडचे बोल्ट जितके आवळायला हवे होते तितके आवळले जात नव्हते. जास्त टॉर्कवर आवळलेली आणि धातूचं गॅस्केट घातलेली तीच इंजिनं आजही धावताना दिसतात.

एवढ्या मोठ्या ओतकामाची अब्रू पान्याच्या शेवटच्या पाव आट्यावर होती.

१०

सहनशक्तीच्या दोन परीक्षा इथे मांडून ठेवतो.

ऑक्टोबर १९६६, इबाराकी प्रांतातला यातबेचा चाचणी मार्ग. टोयोटा २०००जीटी, यामाहानं बनवलेल्या दोन कॅमशाफ्टच्या हेडचं सहा सिलिंडरी इंजिन, १९८८ सीसी. रात्रंदिवस गोल गोल धावणं. ७२ तास, १५,००० किलोमीटर आणि १०,००० मैल असे तीन जागतिक विक्रम, सरासरी ताशी २०६ किलोमीटर. गाडी बाजारात यायची होती १९६७ साली. म्हणजे आधी परीक्षा दिली, मग दुकान मांडलं.

जानेवारी १९८९, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना. सुबारू लेगसी, ईजे२० टर्बो इंजिन, चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे. १,००,००० किलोमीटर, ४४७ तास आणि पाऊण तास, म्हणजे साडेअठरा दिवसांहून जास्त. सरासरी ताशी २२३.३४५ किलोमीटर. पेट्रोल भरायला आणि ड्रायव्हर बदलायला गाडी थांबते, तो वेळही या सरासरीत धरलेला. त्याच घराण्याची इंजिनं पुढे तीसएक वर्षं गाड्यांत बसत राहिली.

आपल्याकडे माणूस गाडी एक लाख किलोमीटरला आली की विकायचा विचार करतो. तितकं अंतर अडीच-तीन आठवड्यांच्या आत.

११

होंडाची तेव्हाची वाट वेगळी. तिथे मोठा, जड ब्लॉक नाही, टर्बो नाही. लहान इंजिन, पण फार वेगानं फिरणारं. १९८९च्या इंटेग्रातलं बी१६ए, १५९५ सीसी, १६० अश्वशक्ती. लिटरमागे शंभर. त्या काळी चांगली इंजिनं सत्तर-ऐंशीवर थांबत.

त्याच्या कॅमशाफ्टवर दर सिलिंडरच्या वॉल्व्हच्या जोडीला तीन उंचवटे आहेत. कडेचे दोन कमी वेगासाठी, मधला जास्त वेगासाठी. कमी वेगात मधला रॉकर नुसताच हलतो. वेग वाढला की तेलाचा दाब एक छोटी पिन सरकवतो, तिन्ही रॉकर एक होतात आणि वॉल्व्ह मधल्या उंचवट्याच्या तालावर नाचायला लागतात. मिस्त्रींनी ती पिन माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. इंजिनाचा स्वभाव बदलणारी वस्तू एवढीच.

हे इंजिन काढणारे इकुओ काजितानी आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे लिटरमागे शंभर अश्वशक्तीबरोबर आणखी एक आकडा होता, १५ वर्षं किंवा २,५०,००० किलोमीटर टिकण्याचा. वेग वाढला की प्रत्येक भागावरचा भार वाढतो, आणि तरी रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या गाडीइतकं ते टिकायला हवं. शंभर अश्वशक्तीची जाहिरात झाली. दुसऱ्या आकड्याचं फळ आज तीस-पस्तीस वर्षांनी या गॅरेजात दिसतं.

१२

१९९९ची होंडा एस२०००. एफ२०सी इंजिन, १९९७ सीसी, २५० अश्वशक्ती, मिनिटाला ९००० फेरे. स्ट्रोक ८४ मिलिमीटर. कागदावर हिशेब केला: नऊ हजारांवर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २५ मीटरहून जास्त, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबून दिशा बदलायची. सेकंदाला तीनशे वेळा.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. सिलिंडरची भिंत कार्बन आणि अ‍ॅल्युमिनाच्या तंतूंत अ‍ॅल्युमिनियम मुरवून केलेली. अतिशय टणक, झिजते फार थोडी. पण झिजली तर आबांच्या मशीनवर ती बोअर होणार नाही. इथे राखीव साठा भिंतीच्या जाडीत नाही, मोजमापात आणि मिश्रणात आहे. टिकण्याचे हे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींबद्दल मला आदर आहे. हात मात्र आपसूक बिडाकडे जातो.

१३

माझदाचं रोटरी. पिस्टन नाही, वॉल्व्ह नाही. त्रिकोणी रोटर एका कंबर असलेल्या पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या सीलांनी भिंतीला सतत चिकटून राहायचं असतं.

१९६३ साली हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग उभा राहिला. पहिल्या इंजिनांत सील थरथरत आणि भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत. त्यांना त्या लोकांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं. एका वेळी सीलच्या आत आडवी-उभी छिद्रं पाडून थरथरण्याची वारंवारता बदलून पाहिली. शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेला सील हाती आला आणि ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. ४९१ सीसीचे दोन रोटर.

पुढच्याच वर्षी कॉस्मो जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगला ८४ तासांच्या शर्यतीत उतरली. एक गाडी ब्याऐंशीव्या तासाला मागच्या अ‍ॅक्सलपायी बाहेर पडली. दुसरी चौथी आली. इंजिनाच्या टिकाऊपणाविषयीच्या शंकेला हे उत्तर होतं.

२३ जून १९९१, ल माँची शर्यत. चार रोटरांची ७८७बी, ३६२ फेऱ्या, पहिला क्रमांक. शर्यतीनंतर इंजिन खोललं तेव्हा ते आतून सुस्थितीत होतं.

रस्त्यावरचं रोटरी मात्र काळजी मागतं. सीलांना वंगण मिळावं म्हणून ते थोडं तेल मुद्दाम जाळतं, त्यामुळे तेल पाहत राहावं लागतं. गार असताना सुरू करून लगेच बंद करू नये. ज्यांनी हे पाळलं त्यांच्याकडे ते टिकलं.

१४

दोष लपवायचे नाहीत, असा इथला शिरस्ता आहे. सुरुवातीच्या आरबी२६मध्ये क्रँकचा जो भाग ऑइल पंप फिरवतो तो अरुंद होता. जास्त वेगात, वारंवार लिमिटरला टेकवलं की पंपाचा गिअर फुटायचा. नंतरच्या क्रँकमध्ये ती पकड रुंद केली. टर्बोची चाकं सिरॅमिकची, दाब फार वाढवला की सुटून जाणारी.

फुटलेल्या गिअरचे तुकडे मिस्त्रींनी एका डबीत जपून ठेवलेत. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ती डबी उघडून दाखवतात, मग इंजिनाचं कौतुक ऐकून घेतात.

१५

आबांनी फोनवर सांगितलेलं: "गार इंजनाला ताणू नगंस. आधी तेल पातळ हू दे." मिस्त्रींचं वाक्य शब्दशः हेच होतं. फक्त ते पाण्याच्या काट्याऐवजी तेलाच्या काट्याकडे बोट दाखवत होते. पाणी लवकर तापतं, तेल मागून.

१६

टिकणं एकट्या इंजिनाच्या हातात नसतं. सुटा भाग मिळाला नाही तर सर्वात मजबूत ब्लॉकसुद्धा कोपऱ्यात पडतो. होंडा कंपनी आपल्या जुन्या एनएसएक्स गाड्या परत घेऊन नव्यासारख्या करून देण्याचं काम १९९३पासून करत आली. निसाननं २०१७ साली आर३२ जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. टोयोटानं २०२० साली २०००जीटी आणि जुन्या सुप्रांसाठी तसंच केलं. अर्धशतकापूर्वी तीनशे-साडेतीनशेच बनलेल्या २०००जीटीचे गिअर पुन्हा कापायला घेणं हा नफ्याचा हिशेब नसावा. आपण केलेल्या कामाची जबाबदारी अजून आपलीच आहे, असं मानल्याशिवाय कोणी हे करत नाही.

१७

आबा जपानला आले. चौऱ्याहत्तरावं चालू आहे, दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली. पहिल्याच रविवारी त्यांना गॅरेजात नेलं.

दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मिस्त्री वाकले, आबांनी हात जोडले. मग आबा थेट स्टँडवरच्या आरबी२६च्या ब्लॉककडे गेले. नखानं टिचकी, कान जवळ, बोअरमधून तर्जनी गोल. मिस्त्री बाजूला उभे राहून ते बोट पाहत होते. काही न बोलता त्यांनी बोअर गेज आबांच्या हातात दिला. आबांनी तो सिलिंडरमध्ये उतरवला, किंचित झुलवला, काटा जिथून परत फिरतो तिथे थांबले आणि मला आकडा सांगितला. मी वही उघडली. मिस्त्रींनी सकाळी लिहिलेला तोच आकडा होता.

"मटेरियल हाय," आबा म्हणाले. "अजून दोन बोअर निघतील."

मी जपानीत सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि दोन बोटं वर केली. होय, दोन. आधी साडेशहाऐंशी, मग सत्त्याऐंशी. पहिल्या बोअरला तीस वर्षं लागली होती. या खोलीतल्या तिघांपैकी कोणीही दुसरा बोअर पाहणार नाही, हे तिघांनाही कळत होतं, आणि त्यात कोणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

आबांनी खिसे चाचपले. मग मला म्हणाले, "खडू हाय का रं?" गॅरेजात खडू होता. त्यांनी ब्लॉकच्या बाजूला, इंजिन नंबरच्या वर, ठसठशीत लिहिलं: ८६.५०.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. बोअर झाला होता, होनिंग झालं होतं, सहाही सिलिंडरवर तिरप्या रेघा नव्या होत्या. ब्लॉक आतून-बाहेरून धुतला होता. खडूच्या आकड्यापुरती बोटभर जागा मात्र तशीच कोरडी सोडली होती.